पालकसभा आणि माझी बाकपद्धत

सोमवार, २ डिसेंबर
आजपासून वर्गशिक्षिका बाईंनी सहावीचा आख्खा वर्ग माझ्या हवाली केला. बी.एड. वगैरे ठीक आहे, पण शिकवणं मुळात रक्तात असावं लागतं. माझ्या आहे.

शाळेत एक जागा रिकामी होतेय. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, १४ तारखेच्या पालकसभेत आम्हा दोघा शिकाऊंना बघणार आणि एकाला ठेवून घेणार. दुसरी शिकाऊ म्हणजे गोगलगाय. कॉलेजात हे नाव मीच ठेवलं. तिच्याशी कसली आलीय स्पर्धा! घरी सांगून टाकलं, नोकरी पक्की. बाबा म्हणाले, आधी ऑर्डर हातात पडू दे. या माणसाला आनंद म्हणून होतच नाही.

बुधवार, ४ डिसेंबर
गोगलगाय मधल्या सुट्टीत मैदानावर उभी राहून पोरांची नावं पाठ करत होती. हसू आवरेना. नावं काय, हजेरी घेणाराही पाठ करतो. माझी स्वतःची बाकपद्धत आहे. एका बाकावर एक मूल. कोण कुठे बसतं ते लक्षात ठेवलं की झालं. खिडकीकडचा दुसरा बाक: कविता सुरेख वाचते. मधल्या रांगेचा शेवटचा: अखंड बडबड. दाराजवळचा पहिला: आळशी, पेन्सिली खाते.

शिवाय इथे सभेला पालक आपापल्या पोराच्याच बाकावर बसतात. म्हणजे मला काही करायचंच नाही. बाक बघायचा आणि बोलायचं.

गुरुवार, १२ डिसेंबर
आज आणि उद्या रजा. शाळेला कारण कळवलं: ताप. खरं कारण: तयारी. पालकांना गुळमुळीत बोललेलं समजत नाही. स्पष्ट बोलायचं, नजर रोखून. आरशासमोर सराव केला. ताईनं बाहेरून विचारलं, कुणाशी भांडतोयस?

शनिवार, १४ डिसेंबर. सभेनंतर
जिंकलो!

काय एकेक नमुने येतात पण. मोठी माणसं त्या इवल्या बाकांत गुडघे कोंबून बसलेली. मधल्या रांगेच्या शेवटी एक घुमे गृहस्थ होते. त्यांना सुनावलं की पोराच्या तोंडाला कुलूप घाला, घरी तुम्हीच फार बोलत असणार. ते मान डोलावत राहिले. कुठून बोलणार? खरं होतं ना!

दाराजवळच्या बाकावर कडक इस्त्रीचा शर्ट. त्यांना म्हटलं, तुमची मुलगी आळशी आहे. ते म्हणाले, मला मुलगा आहे. मी म्हटलं, नीट आठवून बघा. ते चिडले. आपल्याला मुलगा आहे की मुलगी, याचाही पत्ता नाही, आणि निघाले पालकसभेला! अशा लोकांपुढे हात टेकले.

खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावर एक नर्स, ड्यूटीवरून थेट आलेली, गणवेशातच. तिला सांगितलं, तुमची मुलगी कविता वाचते तेव्हा वर्ग गप्प होतो. तिनं दोनदा विचारलं, माझीच ना? नक्की माझीच ना? मग डोळे पुसायला लागली. आईला पोटच्या पोरीची पारख नसावी, कमाल आहे.

मोठ्या बाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. चेहरा अगदी गंभीर. भारावल्या असणार. पलीकडच्या वर्गात गोगलगाय अजून तिसऱ्याच पालकाशी बोलत होती. बोलत कसली, ऐकतच होती! पालकांचं ऐकत बसण्यासाठी का आपण बी.एड. केलं?

सोमवार, १६ डिसेंबर
एक किरकोळ गोंधळ. वर्गात गेलो तर खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावर भलतीच मुलगी. बडबड्या पार पुढे. वर्गशिक्षिका बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की दर पंधरवड्याला त्या बाक बदलतात, सगळ्यांना फळा नीट दिसावा म्हणून. शुक्रवारीच बदलले. तुम्हाला ताप होता ना, म्हणाल्या.

म्हणजे शनिवारी पालक नव्या बाकांवर बसले आणि मी जुन्या बाकांचं बोललो. चूक सरळसरळ बाईंची आहे. ज्यांना ही पद्धत माहीत नाही, त्यांना सांगायला नको?

शिवाय इस्त्रीवाले सोडले तर एकानंही तक्रार केली नाही. सगळे म्हणाले, अगदी बरोबर ओळखलंत. याचा अर्थ काय? माझं निदान कुठल्याही मुलाला लागू पडतं.

मंगळवार, १७ डिसेंबर
मोठ्या बाईंनी बोलावलं. मी त्यांना हे निदानाचं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, तुमच्या वर्गातल्या पाच मुलांची नावं सांगा. मी म्हटलं, बाक दाखवलात तर कसं आहे ते सांगतो. त्या म्हणाल्या, नाव सांगा. मी टेबलावर हजेरीपुस्तक कुठे दिसतंय का ते बघितलं.

जागा गोगलगायीला. माझ्या शेऱ्यात लिहिलंय की आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो. नीट वाचलं तर हे कौतुकच आहे. बाबांना तेवढंच सांगितलं. तशीही या शाळेत माझी कदर झालीच नसती.

शुक्रवार, २० डिसेंबर
शेवटचा दिवस. शेवटचा तास. खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावर आता बसणारी ती मुलगी टेबलाजवळ आली. तिला मी कधी बोलताना ऐकलंच नव्हतं. आज कळलं का ते. ती अडखळते. एकेका अक्षरावर. म्हणाली, आई सांगत होती, मी छान वाचते असं सर म्हणाले. मी पाठ करून आलेय, म्हणू का?

ती नर्सची मुलगी. ते मी दुसऱ्याच मुलीबद्दल बोललो होतो. आता हे सांगणार कुणाला!

म्हण म्हटलं. आठ ओळींची कविता. प्रत्येक ओळीला अडली, कान लाल झाले, पण सोडली नाही. बडबड्याही हूं की चूं न करता बसला होता. वर्ग खरंच गप्प झाला.

कविता म्हणून झाली की सरांनी नाव घेऊन शाबासकी द्यायची, अशी या वर्गाची रीत. सगळे माझ्याकडे बघत होते. तीही बघत होती.

मी नुसतं शाबास म्हणालो. लाज वाटली, फार वाटली.

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग जाऊन बसली.