रजेच्या अर्जावर माझीच सही

नवागाम, सुरत
शुक्रवार

सन्माननीय शालिग्रामभाऊ यांना सुकलालचा मनापासून रामराम. वहिनींची कंबर आता कशी आहे? मी मागे दिलेलं तेल लावतात की ती बाटली अजून देव्हाऱ्यामागेच आहे? घरातल्या मोठ्यांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तुमची बहीण परवापासून तिकडेच आहे, तिला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. खरं तर फोन केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवता आणि जावयाचं बोलणं निम्म्या दोंडाईच्याला ऐकू जातं. म्हणून कापडाच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवरचा उखा गावी निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतोय.

मालती भांडून आली असं तुम्हाला वाटत असेल तर तसं काही नाही. ती रीतसर रजेवर आलेली आहे. त्याचं असं झालं, की आमच्या पोरीची, वर्षाची, नववीची शाळा ख्रिश्चन लोकांची, नावाला हायस्कूल, पण एवढीशी, की इंग्रजी आणि होम सायन्स एकच सिस्टर शिकवतात. (बाई फार चांगल्या आहेत, पण हे दोन विषय एका हातात द्यायला नको होते, असं माझं स्पष्ट मत आहे.) होम सायन्सच्या तासाला त्यांनी पोरींना घरात कोण किती वेळ काम करतं त्याचा तक्ता करायला लावला. वर्षा आठवडाभर मोबाईलवर वेळ लावून आमच्या मागे फिरत होती. मालतीचे निघाले दिवसाला सोळा तास, त्यात घरी बसून साड्यांचे धागे कापायचं मजुरीचं कामही धरलेलं. माझी निघाली पंधरा मिनिटं, आणि त्यातली दहा सिस्टरांनी कापली, कारण ती मी स्वतःचाच चष्मा शोधण्यात घालवली होती. मी शाळेत जाऊन सांगितलं, की मी बारा तास बारा मशीन सांभाळतो. त्या म्हणाल्या, छान, पण तो रकाना वेगळा आहे.

त्याच आठवड्यात इंग्रजीच्या तासाला रजेचा अर्ज शिकवला. मालतीने वर्षाकडून स्वतःसाठी एक लिहून घेतला. सिस्टरांनी तो तपासून एक मार्क कापला, कारण रजेचं कारण लिहिलेलं नव्हतं. मग कारण घातलं: सतरा वर्षांत एकही रजा घेतलेली नाही. आता शाळेचा कागद आला की खाली सही करायची, हे माझं काम. वाचायचा प्रश्नच नाही, कारण सगळं इंग्रजीत. तशी मी यावरही केली. बुधवारी कामावरून आलो तर पिशवी भरून तयार. मी विचारलं, हे काय? तिने कागद पुढे धरला आणि शांतपणे म्हणाली, "सही तुमनीच शे ना?" आठ दिवस मंजूर. मी म्हटलं, दर दिवाळीला माहेरी जातेस ती सुट्टीच की. तर म्हणे, तिथेही वीस माणसांच्या पोळ्या मीच लाटते. (हे तिचं म्हणणं आहे, माझं नाही. एवढं वहिनींना वाचून दाखवू नका.)

इकडे सगळं उत्तम चाललंय. फक्त आमच्या मशीनवर धागा तुटला की मशीन आपोआप थांबतं, तशी सोय दुधाला नाही. पाण्याचा नळ, कुकर आणि दूध एकाच वेळी चालू होतात, आणि या तिघांवर लक्ष ठेवून मालती धागे कापत कशी बसते, याचाच मी दोन दिवस विचार करतोय. खरं सांगतो भाऊ, मला लाज वाटली. त्यात शेजारच्या शोभाबाई दया येऊन भाजी घेऊन आल्या, त्यांना वर्षाने सगळी हकीकत सांगितली, आणि काल आमच्या दारात सहा बायका बसल्या होत्या अर्ज लिहून घ्यायला. गल्लीतल्या पुरुषांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. तरी मालतीला म्हणावं, निवांत राहा, रजा पूर्ण भोगून ये. माझी काही घाई नाही.

आपला
सुकलाल

ता. क. भाकरी थापताना कडेला चिरते, ती का, एवढं सहज विचारून कळवा. मी विचारलं म्हणून सांगू नका.

ता. क. २. रजा गुरुवारी संपते. रविवारी गाडीला गर्दी कमी असते असं ऐकतो. मी उधना स्टेशनवर तसाही मोकळाच उभा असेन.

ता. क. ३. सोबत वर्षाने माझ्या वतीने लिहिलेला इंग्रजी अर्ज आहे, तो मालतीला द्या. या वेळी मी आधी वर्षाकडून वाचून घेतला. शेवटी लिहिलंय, की तुझ्यावाचून मला करमत नाही. मी वर्षाला म्हटलं, हे मी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, खोडू का? मी म्हटलं, राहू दे, कागद खराब दिसेल. आणि सही केली.