सांधायला समोर दुसरा लागतो

प्रिय आक्का,

मागावरची शेवटची साडी आज उतरवली. जुन्या ताण्याच्या उभ्या धाग्यांची टोकं लोंबताहेत, नवा ताणा तयार आहे, आणि सांधायला तू नाहीस. तुझा लई राग आलाय, म्हणून लिहितोय.

बोटाला राख लावून तू धाग्याला धागा जोडायचीस, पीळ घालायचीस. मी फक्त समोर बसून एकेक टोक द्यायचं. सकाळपासून एकट्यानं करून बघितलं. एक धरलं की दुसरं निसटतं. पाच-सहा जुळले, तेही मागाच्या फणीतून ओढताना तुटले! इतकी वर्षं समोर बसवलंस, मग पीळ घालायला का नाही शिकवलंस गं?

आणि अण्णाचं काय करून ठेवलंस? हातमागाला ‘लाकडाचा सांगाडा’ म्हणून तो निपाणीला तंबाखूच्या वखारीत गेला, तेव्हापासून आम्हा भावांचं बोलणं बंद. तू मात्र त्याच्याकडे जाऊन यायचीस. आलीस की म्हणायचीस, "अण्णा तुझी चौकशी करत हुता रं." मला वाटायचं, चला, अगदीच तुटलेलं नाही.

तुझ्या दहाव्याला तो वडगावात आला. म्हणाला, "माझ्या गुडघ्याचं सारखं इचारत हुतास, मग एकदा येऊन बघायचं न्हाय व्हय?"

"मी कवा इचारलं?"

"आक्का सांगायची की!"

अण्णानं धाडली म्हणून तू दिलेली पायातली चप्पल मी दाखवली. "ही तू धाडलीस न्हवं?"

"न्हाय रं. मी कुठली धाडतोय!"

 दुपारच्या बसनं तो गेला.

काय म्हणावं तुला! सांधण्यात तुझा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं, आणि घरात मात्र नुसती खळ लावून चिकटवलंस? ओल लागली की खळ सुटते, हे तूच सांगायचीस ना? आम्हाला एकदा समोरासमोर बसवायचंस. भांडलो असतो, पण बसलो तरी असतो.

चप्पल फेकून देणार होतो. नाही फेकवली.

आता ऐक. हा ताणा मी कापून टाकणार नाही, हा माझा शब्द. उद्या अण्णाला फोन करतो. सांगतो, "आक्का जाताना म्हणाली, ताणा दोघांनी मिळून सांधा." तू असलं काही म्हणाली नव्हतीस, हे त्यालाही कळेल. तरीही तो आलाच, तर तेवढं खोटं शेवटचं. त्याच्या गुडघ्याचं मी माझ्या तोंडानं विचारीन.

तुझा धाकटा भाऊ,
शिवा