अकरा महिने नऊ दिवस

१. मंगळवारी सकाळी सव्वासातला आईने चर्चच्या प्रसादाच्या पावाचं पीठ मळायला घेतलं. सरावासाठी.
२. साडेसातला तिला पाळी आली. मागची येऊन अकरा महिने नऊ दिवस झाले होते.
३. सरावाचं असलं तरी ते पीठ आजीने कोंबड्यांना घातलं.
४. कोंबड्यांनी सात अंडी दिली (सरासरी पाच). यातून काही सिद्ध होत नाही.

प्रिय स्तोयना मावशीस,

रालित्साचा नमस्कार. प्लोवदिवला तुझं खुब्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं. दुखणारा पाय उजवा आहे, म्हणून काठी डाव्या हातात धर (बहुतेक लोक उलट धरतात). आम्ही बरे आहोत, वर दिलेलं सोडून.

संत पेत्काच्या सणाचा पाव पाळी कायमची गेलेल्या बाईनेच मळायचा, हे तुला मी सांगायला नको. अठरा वर्षं तूच मळलास. गेल्या सणाला तू पावावर उठवायचा लाकडी शिक्का आईच्या हाती दिलास, तेव्हापासून ती तो उशाशी घेऊन झोपते. (आजीच्या बोटांत आता जोर नाही.) घरात वर्षभर एकच भांडण चालू आहे. अंगातून वाफा निघाल्या की आई समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघडते आणि आजी मागोमाग जाऊन त्या बंद करते, कारण वाऱ्याच्या झोताने तिची एक चुलत बहीण गेली (वय एक्याण्णव). मग आईच्या कमरेला लोकरीचा पट्टा बांधून सेजच्या औषधी पानांचा काढा पाजला जातो. मी प्रयोगशाळेत थर्मामीटर तपासते, म्हणून खोलीचं तापमान मोजून तक्ता केला आणि दोघींना दाखवला. आजीने त्यावर कढत पातेलं ठेवलं.

मंगळवारी मात्र कोणी भांडलं नाही. आई पिठाच्या हातांनीच पायरीवर बसली. मी तिला समजावलं की बारा महिने पुरे झाल्याशिवाय डॉक्टरही पाळी गेली असं धरत नाहीत, तेव्हा तिचं काही चुकलं नाही, फक्त मोजायची घाई झाली. याने तिला बरं वाटेल असा माझा अंदाज होता.

"तुझं बरोबर आहे गं," ती म्हणाली. "पण मी वर्षभर मनाला सांगत होते, एक गोष्ट जातेय तर दुसरी हाती येईल. आता ना ही, ना ती."

मी दोन्ही खिडक्या उघडल्या. आजी जागची हलली नाही.

आई पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी शिक्का शेजारच्या त्सोनाबाईंना देणार आहे (त्यांचा पाव तू खाल्ला आहेस).

तुझी,
रालित्सा

ता. क. सेजची पानं पाठवू नकोस. अकरा पुड्या पडून आहेत.

ता. क. २. काल आजीने मला कोंबड्यांच्या खुराड्यामागे नेऊन सांगितलं, की पहिल्या वर्षी तू शिक्का घेतलास तेव्हा तुझीही पुरती गेली नव्हती; नंतर दोनदा आली, आणि हे तुम्हा दोघींनाच ठाऊक आहे. ("त्या वर्षी गावात कोणाला काही झालं का? मग गप्प बस.") खरं असेल, तर आईला स्वतःच्या हाताने दोन ओळी लिही. माझं ती ऐकणार नाही. मी तक्ते करते. फोन नको, फोन आजी उचलते आणि ती कानावर हात ठेवेल. पीठ शनिवारी भिजवायचं आहे. तुझं उत्तर शुक्रवारी दुपारपर्यंत पोचावं.