नुसतं 'ठीक' चालत नाही

प्रिय मम्मी, जय भीम.

मी मजेत आहे. गुवाहाटीत मासे चांगले मिळतात. विमानतळाच्या टॉवरमध्ये आता मला एकटीलाही बसवतात.

इथे पायलटला उंची सांगितली की त्याने तो आकडा परत म्हणून दाखवायचा असतो. नुसतं 'ठीक' म्हणाला तर मी पुन्हा विचारते.

परवा फोनवर पप्पांच्या हार्टच्या रिपोर्टचं विचारलं, तर तू 'सगळं ठीक' म्हणालीस आणि लगेच घोडबंदरच्या ट्रॅफिकवर गेलीस. पप्पा शेजारीच बसले असतील, म्हणून हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय.

बिल्डिंगची लिफ्ट सुरू झाली का? भाऊराया सुमित पप्पांना जिना चढू देत नाही ना?

डॉक्टर जे बोलले, ते त्यांच्याच शब्दांत लिही. 'ठीक' लिहिलंस तर मी पुन्हा विचारेन.

तुझ्या उत्तराकडे कान लावून बसलेली,
दर्शना