मेजर खंबीर आणि एक्केचाळिसावा अंक

३ एप्रिल, गुरुवार, सकाळ
ठराव: सुकन्याचं लग्न होईपर्यंत पेटी उघडायची नाही. लग्न तीस तारखेला. एकुलती एक मुलगी. बापाने बापासारखं वागावं. पेटीत 'धडाका युद्धकथा' या चित्रकथांचे एकसष्ट अंक आहेत. एकूण बासष्ट निघाले. एक्केचाळिसावा माझ्याकडे नाही. तो विषयही काढायचा नाही.

३ एप्रिल, दुपार
पेटी उघडली. फक्त डांबरगोळ्या बदलायला. गोळ्या बदलता बदलता सात अंक वाचून झाले. मांडववाल्याला फोन करायचा राहिला.

६ एप्रिल, रविवार
शिवकन्या म्हणाली, तेच ते कावून वाचता वो, शेवट तर पाठ हाय तुमाला. बायकोला कसं सांगावं, पाठ आहे म्हणूनच वाचतो! कॉलेजच्या ऑफिसात प्राचार्य उद्या कशावरून खेकसतील, व्याही कशावरून रुसतील, काही भरवसा नाही. मला तर गेटवरच्या शिपायाचीही भीती वाटते. अंकातला मेजर खंबीर मात्र शेवटच्या पानावर जिवंत येतो म्हणजे येतोच. कपाळाला पट्टी, कागद पिवळा पडलेला, लाल रंग रेघेबाहेर सांडलेला, पण येतो. त्या वासानेच माझं बीपी उतरतं. डॉक्टरला हे पटत नाही.

त्रास एकाच ठिकाणी. चाळिसाव्या अंकात शत्रूने त्याला पुलाला बांधलंय, सुरुंगाची वात पेटवलीय, आणि खाली 'पुढील अंकी'. बेचाळिसाव्यात तो तंबूत बसून भाकरी खातोय. म्हणजे सुटला. पण कसा? मी तेव्हा आठवीत होतो. अडतीस वर्षं झाली. माणसाने किती सोसावं?

९ एप्रिल, बुधवार
सापडला! अंबाजोगाईचे बबनराव. पूर्वी भाड्याने पुस्तकं द्यायचे, आता एकटे असतात. माळ्यावर एक्केचाळिसावा आहे म्हणतात. फोनवर म्हणाले, इकनार न्हाई, भागवतराव. तुमी सवता या, बसा, बोला, मंग बगू. पाऊण तास बोललो. मधेच शिवकन्या आणि मेहुणी संगीता तीनदा येऊन काहीतरी विचारून गेल्या. लग्नघरात बायकांना नाही म्हणू नये. तिन्ही वेळा मान हलवली.

१३ एप्रिल, रविवार
पत्रिका वाटायला जातो सांगून अंबाजोगाईला गेलो. बबनरावांनी चार तास स्वतःचा गुडघा सांगितला. अंक दाखवला नाही. पुढल्या रविवारी या म्हणाले. पत्रिकांची पिशवी जीपमध्ये राहिली. जीप लातूरला गेली. घरी सांगितलं, सगळ्या वाटल्या.

२० एप्रिल, रविवार, दुपार ३
मिळाला!! लग्नात पहिला फेटा बबनरावांना, या अटीवर. जीपमध्ये उघडला नाही. शिस्त म्हणजे शिस्त. आधी चाळीस, मग एक्केचाळीस, मग बेचाळीस, ओळीने. आयुष्यात एक काम तरी क्रमाने होणार.

२० एप्रिल, संध्याकाळ
पेटीत आहेराच्या साड्या.

शिवकन्या म्हणाली, रुकवताला ते जुनं रंगीत कागद घिऊ का, म्हून तीनदा इचारलं. तीनदा मुंडी हालवली तुमी. संगीताने कौतुकाने रुखवत दाखवलं. एक महाल, बैलगाडी, अकरा कमळं, एक पोपट. पोपटाच्या पोटावर मेजर खंबीरचा अर्धा चेहरा. चाळिसावा अंक महालाच्या पायाला, खळ लावून गच्च. म्हणाली, दाजी, कसं झालंय? छान, म्हणालो. रुखवत मांडवात मांडतात आणि मग मुलीबरोबर सासरी जातं. म्हणजे तीस तारखेला माझं सगळं आयुष्य वडवणीला जाणार. आणि ह्या बायका म्हणतात, छान झालंय ना?

हरकत नाही. दहा दिवस हातात आहेत. मेजर असता तर घाबरला नसता.

२४ एप्रिल, गुरुवार
पोपट वाफेवर धरला. कागद सुटेल असा हिशेब होता. शेपूट सुटलं. संगीता रडली. मांजरावर ढकललं. आपल्याकडे मांजर नाही, हे शिवकन्येने लक्षात आणून दिलं.

३० एप्रिल, बुधवार
लग्न लागलं. सगळे जेवणावर असताना ब्लेड घेऊन रुखवतापाशी गेलो. महालाचा पाया अर्धा कापला, तेवढ्यात विहीण छबुबाई मागे उभ्या. वो पावनं, काय करायलाव? डिंक तपासतोय, म्हणालो. त्यांनी जावयाच्या भावाला तिथे पहाऱ्याला बसवलं.

सुकन्या निघाली तेव्हा मी ढसाढसा रडलो. लोकांना वाटलं, मुलीसाठी. जीपमागे वेशीपर्यंत धावलो. तेही महालासाठी. हे इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो.

२ मे, शुक्रवार
राहवलं नाही. क्रम मोडून एक्केचाळिसावा वाचला. तिसऱ्या पानावर उलगडा आहे. वात दमट होती. विझली.

एवढंच.

उरलेल्या पानांवर शत्रूचा पाठलाग. ते वाचले नाहीत. बबनरावांना फोन करून जाब विचारला. ते म्हणाले, मंग तुमाला काय वाटलं व्हतं वो? आणि परत गुडघा सुरू केला. आज मी ऐकत बसलो. घरात दुसरा आवाजच नव्हता.

७ मे, बुधवार
सुकन्या आणि जावई हरिओम परतणीला येऊन दोन दिवस राहून गेले. मी विचारलं, महाल कुठे ठेवलाय? ऊन लागतं का? पोपटाला झुरळं? तिने सगळं नीट सांगितलं. निघताना म्हणाली, बाबा, मला काय इचारायचं न्हाई का? मी विचार करून विचारलं, बैलगाडीत कितवा अंक आहे? ती जीपमध्ये जाऊन बसली.

११ मे, रविवार
मोहीम: वडवणी. पाहुणा म्हणून जायचं, बसायचं, दिसेल तेवढा मेजर काचेतून वाचून यायचा. पिशवीत भिंग घेतलं.

छबुबाईंनी चहा दिला. रुखवत शोकेसमध्ये छान मांडलंय. मी पोपटाकडे पाहतोय हे बघून त्यांनी आपणहून किल्ली हातात दिली. घ्या, हातात घिऊन बगा, म्हणाल्या. घरात दुसरं कोणी नव्हतं. महाल, बैलगाडी, अकराच्या अकरा कमळं, सगळं माझ्या ताब्यात.

मी विचारलं, सुकन्या कुठंय?

बीडला गेलेत दोघं, उद्या येतील, छबुबाई म्हणाल्या.

नीट जेवते का, विचारलं. जेवते, म्हणाल्या. करमतं का, विचारलं. सांजच्याला ओट्यावर बसती, रस्त्याकडं बगत, म्हणाल्या.

किल्ली परत दिली. त्या म्हणाल्या, आवो, पोपट तरी बगा. म्हणालो, ती असताना येईन. आणि एसटी स्टँडवर येऊन बसलो.