भुरीसाठीचं फडकं

८ नोव्हेंबर, शनिवार

भुरीने आज तनुजाला ओरबाडलं! रक्त आलं. ज्या पोरीने कापसाच्या बोळ्याने दूध पाजून ह्या मांजराला जगवलं, तिलाच! तनुजा नांदेडच्या होस्टेलातून आली, पिशवी टेकवली, भुरीला उचलायला वाकली — तर भुरीची पाठ कमान, अंगावरचे केस ताठ. मी आधी पोरीला दवाखान्यात नेऊन सुई देऊन आणली.

हे म्हणाले, "पिसाळलं ते. पोत्यात घालून कयाधू नदीच्या पल्याड सोडून येतो."

"हात तर लावून बघा," म्हटलं.

९ नोव्हेंबर, रविवार

तनुजा न्हाली, घरातला गाऊन घातला, आणि भुरी आपणहून तिच्या मांडीवर! घुरघुर चालू. पिशवीजवळून जाताना मात्र पुन्हा फिसकारली. म्हणजे मांजर ठीक हाय. पोरीचंच काहीतरी हाय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर सिद्धलिंग एका बैलाच्या खुरात गुंतलेले, तरी ऐकून घेतलं. "मारू नका, धरू नका. अंधाऱ्या कोपऱ्यात खोकं ठेवा, लपू द्या, आपणहून बाहेर येऊ द्या. अनोळखी वासाला भ्याली ती. पोरगी दुसऱ्या कुठल्या घरी जाती का? तिथं मांजर असल."

दुसरं घर!

तेव्हापासून डोक्यात तेच फिरून राहिलं. रूपालीच्या वेळी मी अशीच गाफील राहिले. थोरली माझी. दोन वर्षं झाली, आपल्या मनाने लग्न करून गेली. ह्यांनी घरात तिचं नाव घ्यायचं बंद केलं, फोनबी बंद. एक लेक गेली. ही दुसरी मी जाऊ देणार न्हाई. पाय बांधून ठेवीन!

१५ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा तेच. तनुजा दारात, भुरी फिसकारत खोक्यात. मी पोरीची ओढणी ओढून घेतली, हुंगली. साबणाचा वास! बस धरायची घाई असताना ओढणी कोण धुतं?

"नांदेडात कोणाच्या घरी जाती गं?"

"कुठं न्हाई." माझ्याकडं न बघता.

जेवण झालं की फोन घेऊन गच्चीवर. मी जिन्यात उभी. हळूच म्हणते, "झोपला का?"

कोण झोपला?? वर जाऊन विचारलंच.

"मैत्रिणीचा भाऊ. ताप हाय त्याला."

मैत्रिणीचा भाऊ! आईला काय दूधखुळी समजली?

१६ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टरांनी अजून एक उपाय सांगितला होता — त्या दुसऱ्या मांजराच्या अंगावरून फडकं फिरवून आणा, भुरीच्या ताटलीपासून लांब ठेवा, रोज जरा जवळ सरकवा. वासाची सवय होईल.

माझी जुनी जांभळी सुती साडी काढली, पिवळ्या काठाची. धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. दोन्ही पोरींची दुपटी हिचीच केली होती. काठासकट हातभर फाडली, तनुजाच्या हातात दिली. "जिथं जाती तिथं न्यायचं. तिथलं मांजर पुसून आणायचं. मला उल्लू बनवायचं न्हाई."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. पण जात न्हाई असं म्हणाली न्हाई. म्हणजे घर हाय!

१९ नोव्हेंबर, बुधवार

भुरी शांत. मीच न्हाई. भाजीत दोनदा मीठ घातलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

तनुजा आली. फडकं न्हाई.

"ताईनं ठेवून घेतलं."

कोणती ताई म्हणून ओरडणार होते. हिला ताई एकच!

रूपाली नांदेडात हाय! जावयाची बदली झाली. दिवाळीआधी बाळंत झाली, मुलगा. ही दर शनिवारी बाळाला मांडीवर घेऊन मगच बस धरते. वेखंडाचा, तेलाचा वास मला येऊ नये म्हणून शुक्रवारी धुतलेली ओढणी बदलून येते. मांजर-बिंजर काही न्हाई तिथं.

"मी सांगणारच होते, मांजरासाठी हाय म्हणून. पण ताईनं काठ बघितला अन् छातीशीच धरलं. म्हणली, आईनं बाळाच्या दुपट्याला साडी धाडली. लई रडली गं. मग माझ्याच्यानं बोलवलं न्हाई. बाळाला त्यातच गुंडाळलंय."

मी काय धाडलं होतं! मांजर पुसायला चिंधी! हे दाराबाहेरच खाटेवर होते. मोरीत गेले, ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला आणि पोटभर रडले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

उरलेली साडी धुतली, घडी केली, तनुजासोबत नांदेडला गेले. ह्यांना सांगितलं, भुरीचं औषध आणते. दुपारभर मांडीवर घेतला त्याला.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर भुरी माझ्यावरच फिसकारली! हे खाटेवर बसलेले. भुरीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

मग हळूच विचारलं, "कोणावर गेलाय?"