काढून ठेवलेला पाटा

मंगळवार, दिवेलागण

आज संजूनं मिस्त्रीकडून ट्रकच्या पुढच्या चाकांवर स्प्रिंगचे नवे पाटे घालून घेतले. गाडी चार बोटं उंच झाली. कांदा घेऊन तिथूनच विंचूरला निघालो, तर माझा पाय पायरीला पोचंना.

संजू हसला, "आई, म्हातारी झालीस."

"तुझी गाडी वाढली, मी नाय आटले."

तवा मिस्त्री बोलला, "आजी, संजूच्या बाबांनीच दोन्हीकडचा एकेक पाटा काढायला लावला होता. तुमच्या गुडघ्यांसाठी."

चार बोटं. अन् मी? गाडी पुढून बसलीय, पाट्यात पैसा वाचवता, म्हणून ह्यांना मरेस्तोवर चिकट म्हणले. चारचौघांत. हे नुसते ऐकून घ्यायचे.

अहो, एकदा सांगायचं ना. भांडले असते मी, पण चढताना तुमचा हात तरी धरला असता.